वाढत्या अंगाचं

मापसाहेबांचा ऑनलाइन कपडे घेण्याला विरोध होता आणि तो तत्त्वाचा होता. बायकोच्या मते तो आळसाचा होता. पण तत्त्व आणि आळस यांच्यातली सीमारेषा आजवर कोणत्याच घरात नीट आखली गेलेली नाही.

ते वजनमापे खात्यात निरीक्षक. बाजारातले तराजू, दुधाची मापं, कापडदुकानांतल्या मीटरपट्ट्या तपासायच्या, बरोबर असतील तर शिक्का मारायचा, नसतील तर दंड करायचा. तोंडावर सगळे त्यांना मापसाहेब म्हणत. पाठीमागे काय म्हणत याची तपासणी त्यांनी कधी केली नाही. या नोकरीने त्यांना बाजारात थोडा धाक दिला, घरात भरपूर चेष्टा दिली आणि एक सिद्धान्त दिला: जी वस्तू समोर नाही तिचं माप घेता येत नाही.

"मग माझ्या आईला बघायच्या आधीच 'जड प्रकरण दिसतंय' कसं म्हणाला होतात?" बायको विचारायची.

"तो अंदाज होता," मापसाहेब म्हणायचे. "पुढे प्रमाणित झाला, एवढंच."

बायको एका दंतवैद्याच्या दवाखान्यात लोकांना भेटीच्या वेळा द्यायची. अर्धं गाव तिच्यापुढे गाल धरून उभं राहत असल्यामुळे तिला कुणाचीच भीती वाटत नसे. मुलगी अकरा वर्षांची होती. वर्गात सगळ्यात बुटकी, गोल, आणि कुठूनही घरंगळत यावी तशी अचानक समोर येणारी. तिला घरात वाटाणा म्हणत. वाटाण्याला ते आवडत नसे, पण दुसरं नाव घेऊन हाक मारली तर ती ओ देत नसे.

या तिघांचे कपडे वर्षानुवर्षं गल्लीच्या तोंडावरच्या दुकानातून यायचे. दुकानदार कुठलाही कपडा दाखवताना "दोन बोटं सैल बरा" म्हणायचा, त्यामुळे लोक त्याला दोनबोटे म्हणत. नव्या गिऱ्हाइकांना ते आडनावच वाटे. दुकानात कपडे घालून बघायला एक कोपरा होता. त्याचा पडदा इतका अरुंद की डावीकडची लाज झाकली तर उजवीकडची उघडी पडायची. आतला आरसा माणसाला पाच किलोंनी बारीक दाखवायचा. मापसाहेबांना त्या आरशावर कारवाई करायची फार इच्छा होती, पण आरसे त्यांच्या खात्यात येत नव्हते.

बायको तिथे काउंटरवर कोपर टेकवून एकच वाक्य म्हणायची, "वाढत्या अंगाचं दाखवा." तिच्या आईने तेच म्हटलं होतं, मापसाहेबांच्या आईनेही. पगारदार माणसाचं मूल नेहमी पुढच्या वर्षीच्या कपड्यांत राहतं. पुढचं वर्ष येतं तेव्हा कपडा विरलेला असतो, आणि मग त्याच्या पुढच्या वर्षीचा आणतात. मापसाहेब स्वतः वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत कधीच आपल्या मापाच्या सदऱ्यात नव्हते. हात बाहीत शोधावे लागायचे.

मग दवाखान्याची वेळ वाढली, बायकोला यायला उशीर होऊ लागला, आणि दोनबोटे तोवर शटर ओढून घरी गेलेला असायचा. कुणीतरी तिला एक साइट सांगितली. घरबसल्या कपडे, आवडले नाहीत तर परत. तिने वाटाण्यासाठी एक स्वेटर निवडला. शेवटी एक रिकामी चौकट आली: 'काही विशेष सूचना?' समोर माणूस आहे असं समजूनच तिने लिहिलं, 'वाढत्या अंगाचं पाठवा.'

साइटने लगेच कळवलं: 'धन्यवाद. आपल्या पत्त्यासाठी ही सूचना कायम ठेवण्यात आली आहे.'

तिने ते वाचलं नाही. असले संदेश वाचायचे नसतात, त्यांना 'ठीक आहे' म्हणायचं असतं.

स्वेटर आला. अंगात सैल, बाह्या लांब. आणि डावी कोपरापाशी थोडी जास्तच रुंद. "विणणाऱ्याचा डोळा लागला असेल," मापसाहेब म्हणाले. थंडी सुरू झाली तेव्हा स्वेटर वाटाण्याला अंगासरसा बसला. त्याच आठवड्यात ती शाळेच्या कट्ट्यावरून पडली आणि डाव्या कोपराला जाड पट्टी बांधावी लागली. स्वेटर पट्टीवरून अलगद चढला. शाळेत सगळ्या मुली म्हणाल्या, कित्ती छान.

नंतर मापसाहेबांच्या कचेरीच्या पँटची पाळी आली. त्यांचा विरोध चालू होता, पण विरोध करायलाही माणसाला पँट लागते. पँट आली ती कमरेत चांगली चार बोटं अपुरी. आरशासमोर श्वास रोखून त्यांनी बटण लावायचा प्रयत्न केला. बटण निसटून थेट पलंगाखाली गेलं.

"यांना सैल म्हणून सांगितलं तर आवळ पाठवतात," बायको म्हणाली. "परत करा."

"करतो," मापसाहेब म्हणाले, आणि तत्त्वाने म्हणा किंवा आळसाने म्हणा, पँट तशीच खुंटीवर राहिली. पुढे त्यांना कावीळ झाली. महिनाभर अंथरुणात काढून ते उठले तेव्हा जुन्या पँटा पायातून घसरू लागल्या. खुंटीवरची पँट त्यांनी घातली. शिंप्याने उभं करून माप घेतल्यासारखी बसली.

बायकोला याचं कौतुकच वाटलं. "बघा! दोनबोटेने कधी एवढा विचार केला असता?"

"अगं, पण ती आजारपणाच्या आधी आली होती."

"म्हणून तर वेळेवर मिळाली. नंतर आली असती तर काय उपयोग?"

अशा युक्तिवादाला शिक्का मारायचा की दंड करायचा हे मापसाहेबांना कळेना. पण त्यानंतर पार्सलाची बेल वाजली की ते वर्तमानपत्र खाली ठेवू लागले.

मग पायमोजे आले. बायकोने स्वतःसाठी लोकरीचे मागवले होते. उजवा तिच्या पायाएवढा. डावा मात्र एवढा मोठा की वाटाण्याने तो डोक्यात घातला आणि घरभर भूत होऊन हिंडली. बायको पोट धरून हसली. मापसाहेब हसले नाहीत. त्यांनी बायकोला त्या दिवसापासून ओट्याच्या पायऱ्यांवरून हात धरून उतरवायला सुरुवात केली. तिला वाटलं कावीळ डोक्यात गेली. शेवटी ती घसरली ती पायऱ्यांवर नाहीच, दवाखान्यातल्या सपाट फरशीवर, सांडलेल्या चुळीच्या पाण्यावरून. डाव्या घोट्याला प्लॅस्टर घातलं. प्लॅस्टरवरून चढेल असा पायमोजा कुठल्या दुकानात मिळत नाही. यांच्या कपाटात तो तयार होता.

"सेवा म्हणावी तर ही," बायको पलंगावर पाय ठेवून म्हणाली आणि साइटला पाच तारे देऊन मोकळी झाली.

मापसाहेबांनी ते तारे तिच्या खांद्यावरून पाहिले. आपल्या घरात काय घडणार आहे हे कुठल्यातरी गोदामात आधी कापलं जातंय, शिवलं जातंय, पिशवीत भरून इकडे निघतंय. आणि आपण सही करून ते आत घेतोय.

बायकोचं प्लॅस्टर निघालं, वार्षिक परीक्षा संपली, सुट्टी लागली. एका सकाळी चहा पितापिता बायकोने पुढच्या वर्षासाठी वाटाण्याचे कपडे बघायला घेतले.

"हे काय? फ्रॉक उपलब्ध नाही." तिने बोट सरकवलं. "सदरा उपलब्ध नाही. स्कर्ट उपलब्ध नाही. सगळंच संपलं की काय यांचं?"

"बघू," मापसाहेब म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला.

"माल संपला असेल हो. सुट्टी आहे, सगळे घेतात." ती आंघोळीला गेली.

फोन टेबलावर होता. मापसाहेबांनी वाटाण्याच्या आत्ताच्या मापाचा फ्रॉक दाबला. तोही उपलब्ध नव्हता. शेजाऱ्यांची मुलगी याच वयाची. तिच्या घरचा पत्ता टाकून बघितला, तोच फ्रॉक हसत हसत पिवळा, निळा, लाल असा तीन रंगांत उभा राहिला. परत आपला पत्ता टाकला. उपलब्ध नाही.

खाली लिहिलं होतं, 'मदत हवी आहे?' मापसाहेबांना हवी होती. त्यांनी लिहिलं, "मुलगी अकरा वर्षांची आहे. पुढचं माप का मिळत नाही?"

'नमस्कार! आपल्याशी बोलताना आनंद होत आहे. या पत्त्यावर पुढील मापाची गरज दिसत नाही.'

"गरज दिसत नाही म्हणजे काय? मुलगी वाढणार नाही का?"

'आपली भावना आम्ही समजू शकतो. या पत्त्यावर पुढील मापाची गरज दिसत नाही. आमची सेवा कशी वाटली ते एक ते पाच ताऱ्यांत सांगा.'

बाथरूममधून बायकोचं गाणं ऐकू येत होतं. बाहेर वाटाणा मांजराला शिस्त लावत होती. मापसाहेबांनी फोन पालथा घातला, जणू त्याला दिसत होतं.

ते चपला घालून थेट दोनबोटेकडे गेले. दुकान नुकतंच उघडलं होतं. आत नव्या कापडाचा, खळीचा आणि जुन्या लाकडाचा वास. पुतळ्याला हात नव्हते. गेली कित्येक वर्षं नव्हते, पण मापसाहेबांना ते आज पहिल्यांदा जाणवलं.

"या साहेब!" दोनबोटे हातातली झटकणी ठेवत म्हणाला. "पट्टी तपासायची की कापड घ्यायचंय? म्हणजे त्याप्रमाणे घाबरतो."

"कोट दाखवा. मुलीसाठी."

"वा! म्हणजे साइटवरून खाली उतरलात. कुठंय वाटाणा?"

"घरी."

"अंग घरी ठेवून कोट न्यायला आलात? साहेब, तुमचंच म्हणणं ना, समोर नसेल त्याचं माप घेता येत नाही?"

"मोठा द्या."

"दोन बोटं?"

"पूर्ण मोठा. बाईचा." मापसाहेबांनी काउंटर धरला. "वाढून वाढून शेवटी जेवढी होईल तेवढा."

दोनबोटेने चष्म्यावरून पाहिलं. मापसाहेबांचा चेहरा बघून त्याच्या ओठांवरचा विनोद तिथेच विरला. तो स्टुलावर चढला, वरच्या फळीवरून दोन लांब कोट काढले आणि काउंटरवर शेजारी शेजारी पसरले, माणसं झोपवावीत तसे.

"आईवर गेली तर हा," तो हळू म्हणाला. "तुमच्यावर गेली तर हा. बोला. कुणावर जाणार?"

हा प्रश्न मापसाहेबांना आजवर कुणी विचारला नव्हता. आपली मुलगी किती उंच होणार हे ठरवायची वेळ बापावर येते असं त्यांनी ऐकलं नव्हतं. त्यांनी दोन्ही कोटांच्या खांद्यांवरून हात फिरवला.

"उंच होईल," ते म्हणाले. "हा."

"रंग?"

"मातकट नको. तिला आवडत नाही. पुढेही आवडणार नाही."

गडद हिरवा कोट कागदात गुंडाळून, सुतळीने बांधून मिळाला. दुकानाने त्यांना पत्ता विचारला नाही, पुढचं काही विचारलं नाही. पैसे घेतले, कोट दिला. घरी येताना मापसाहेबांची छाती दोन बोटं रुंद झाली होती. बाजारात अजून अशी जागा होती जिथे माणूस नुसता हट्टाने मुलीचं मोठेपण विकत घेऊ शकत होता. त्यांनी कोट कपाटात, आपल्या कपड्यांमागे ठेवला.

दुसऱ्या दिवशी कचेरीत ते किलोची वजनं पुसत बसले होते तेव्हा फोनवर संदेश आला. बायकोचा फोन घरी होता. हा त्यांच्या स्वतःच्या फोनवर आला, ज्यावर ती साइट त्यांनी कधी उघडली नव्हती.

'आपण अलीकडे दुकानातून घेतलेली हिरवी वस्तू या पत्त्यावर वापरली जाणार नाही. दुकान संध्याकाळी आठपर्यंत उघडे आहे. बिल सोबत न्यावे.'

मापसाहेबांनी हातातलं वजन सावकाश खाली ठेवलं. शेजारच्या टेबलावरचा कारकून म्हणाला, "साहेब, बरं वाटत नाही का?"

"वाटतंय," ते म्हणाले. "तेच तर."

घाबरलेला माणूस दोनपैकी एक करतो: देवाकडे जातो नाहीतर आपल्या कामाकडे. मापसाहेब कामाकडे गेले. बिघडलेला तराजू तपासायची एक रीत असते. सगळी वजनं एकदम बदलायची नाहीत. एका वेळी एकच काढायचं, एकच ठेवायचं, आणि काटा बघायचा. कोणतं वजन खोटं आहे ते मग आपोआप समोर येतं.

जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेल्यावर त्यांनी ती साइट आपल्या फोनवर उघडली. ती जणू दाराशीच उभी होती. त्यांनी वाटाणा काढून बायको ठेवली. घरच्या पत्त्यावर बायकोच्या मापाचं काहीच उपलब्ध नव्हतं. बायको काढून स्वतःला ठेवलं. उपलब्ध नाही. म्हणजे एकट्या मुलीचं नव्हतं. या विचाराने त्यांना क्षणभर हायसं वाटलं, आणि दुसऱ्याच क्षणी आपल्याला कशाने हायसं वाटलं ते कळून घाम फुटला.

मग त्यांनी माणसं सगळीच काढली आणि पडदे मागवून बघितले. खात्याने दिलेलं त्यांचं घर बैठं होतं, गोदामांच्या मागे, स्वतःच्या आवारात. पुढच्या खोलीला एक मोठी खिडकी. त्या खिडकीचं माप त्यांनी टाकलं.

'या पत्त्यावर खिडकी आढळली नाही.'

मापसाहेब पाणी प्यायले. पेला ठेवताना त्याचा टेबलावर बराच आवाज झाला.

बायकोची बहीण दुसऱ्या गावी राहत होती. त्यांनी पत्ता बदलून मावशीचा टाकला आणि वाटाण्याचा फ्रॉक दाबला.

उपलब्ध. पिवळा, निळा, लाल. पुढचं माप, उपलब्ध. त्याच्या पुढचं, उपलब्ध. ते दाबत गेले आणि माप वाढत गेलं. फ्रॉक संपले, मोठ्या मुलींचे सदरे आले, मग बाईचे, आणि शेवटी एका ठिकाणी येऊन माप थांबलं, जसं कुणाचंही थांबतं. हिरव्या कोटाएवढंच होतं ते. मापसाहेबांनी चष्मा काढून पुसला. काच कोरडीच होती.

बायकोचं माप ठेवलं. उपलब्ध, पुढे पुढे थोडं रुंद, मग परत बारीक, म्हातारीचं. मावशीच्या घराचे पडदे, उपलब्ध.

आता उरलं एकच वजन. त्यांनी स्वतःचा एक पांढरा शर्ट खरेदीच्या त्याच टोपलीत टाकला.

काटा खाली गेला. फ्रॉक करडा झाला: उपलब्ध नाही. बायकोचा झगा करडा झाला. 'या पत्त्यावर खिडकी आढळली नाही.'

शर्ट काढला. सगळं जागच्या जागी परत आलं. पिवळा, निळा, लाल.

पुन्हा टाकला. पुन्हा काढला. निरीक्षक एका मोजणीवर निकाल देत नाही. त्यांनी शर्टाऐवजी पँट टाकून बघितली, टोपी टाकून बघितली. शेवटी रुमाल टाकला, कारण रुमालाला माप नसतं. निकाल तोच. मग त्यांनी स्वतःला एकट्यालाच निरनिराळ्या पत्त्यांवर ठेवून बघितलं: कचेरी, मित्राचं घर, स्टेशनजवळचं लॉज. साइटने शेवटी कंटाळून लिहिलं, 'आपल्यासाठी काहीही आढळले नाही. तरीही आपण आमचे मोलाचे ग्राहक आहात.'

सुट्टी संपली, कारकून परत आला. "काही सापडलं का साहेब?" त्याने टेबलावरच्या वजनांकडे बघत विचारलं.

"सापडलं," मापसाहेब म्हणाले. "एक खोटं निघालं."

त्या संध्याकाळी त्यांनी बायकोला सांगितलं की सुट्टी आहे, मावशी केव्हाची बोलावतेय, उद्याच निघा.

बायकोने कणीक मळता मळता हात थांबवला. "तुम्ही? माझ्या बहिणीकडे जा म्हणताय? मागच्या वेळी तिचं नाव काढलं तर तुमचं डोकं दुखलं होतं."

"दुखणं थांबलंय."

"मग तुम्हीही चला."

"तपासणीची मोहीम आहे. सगळा बाजार."

"तराजू काय पळून जाणार आहेत?"

"तराजू नाही जात," मापसाहेब म्हणाले. "दुकानदार जातात."

ती त्यांच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली. नवऱ्याला दवाखान्यात खुर्चीवर बसवून तोंड उघडायला लावावं असं तिला वाटत असावं. "काय लपवताय?"

"काही नाही. एक कोट घेतलाय वाटाण्यासाठी, दोनबोटेकडून. तो लपवला होता. ओरडशील म्हणून."

हे खरं असल्यामुळे ती फसली. कोट उलगडून बघितल्यावर ओरडलीही. "अहो, हा कोट आहे की तंबू? याच्यात दोन वाटाणे मावतील! दोनबोटेने तुम्हाला बनवलं."

"बनवलं," मापसाहेबांनी मान्य केलं. "पण ने. तिकडे थंडी असते."

सकाळी त्यांनी दोघींना बसमध्ये बसवलं. वाटाणा खिडकीतून बाहेर डोकं काढून म्हणाली, "बाबा, मांजराला रोज जेवायला द्या. आणि तुम्ही पण जेवा."

"आधी कुणाला?"

"मांजराला," ती म्हणाली. "तुम्ही मोठे आहात."

बस वळली. बायकोचा हात खिडकीबाहेर शेवटपर्यंत दिसत होता, हलत नव्हता, नुसता बाहेर होता. मापसाहेब तिथेच उभे राहिले. आपणही दुसऱ्या बसने जाऊन बाहेर रस्त्यावर उभं राहावं, आत न जाता नुसतं बघावं, असं त्यांच्या मनात येऊन गेलं. त्यांनी फोन काढून मावशीची गल्ली टाकली, आणि गल्लीत आपला रुमाल. वाटाण्याचा फ्रॉक लगेच करडा झाला. मग फोन खिशात ठेवून ते पायी घरी आले.

मांजराला जेवायला दिलं. त्याने वास घेतला, मापसाहेबांकडे पाहिलं, आणि जेवण तोंडात धरून कुंपणावरून शेजारच्या आवारात गेलं. तिथे बसून खाल्लं. मग परत आलं नाही.

दुपार कलल्यावर फोन वाजला.

"पोहोचलो," बायको म्हणाली. "ताईने तुमचं विचारलं. मी म्हटलं, तराजू सांभाळताहेत. कधी येताय?"

"काम संपलं की."

"म्हणजे कधी?"

"तू फार प्रश्न विचारतेस. तिला दे."

वाटाणा धापा टाकत फोनवर आली. "बाबा, मी कोट घातलाय! मावशीकडे मोठा आरसा आहे! माझे हातच दिसत नाहीत!"

"आत आहेत. शोध."

"सापडले! पण चालता येत नाही, मागे लोळतोय."

"चालून दाखव."

"फोनवर कसं दाखवू?"

"नुसतं चाल. मला ऐकू येतं."

"अहो, फाटेल तो!" मागून बायको ओरडली. "नवा कोरा आहे!"

"चालू दे तिला," मापसाहेब म्हणाले.

त्यांनी फोन कानाशी घट्ट धरला. पलीकडे जाड कापड फरशीवरून घासत निघाल्याचा आवाज आला. दोन छोटी पावलं आणि मागून ते लांब ओढणं. आवाज खोलीच्या टोकापर्यंत गेला, तिथे अडखळला, मावशी हसली, वाटाणा हसली, आणि वळून परत येऊ लागला.

पुढच्या खोलीत उजेड एकदम बदलला होता. मापसाहेब फोन धरून बसून राहिले. कापडाचा आवाज येत होता तोवर त्यांनी खिडकीकडे पाहिलं नाही.